मोटारीत मोठे एंजिन बसवावे काय?



सायंकाळच्या वेळी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर अथवा सांगलीच्या विश्रामबागेत दहा मिनिटे उभे राहिल्यास तरुण मंडळींच्या बोलण्यात एक शब्द हमखास कानी पडतो. तो शब्द म्हणजे ‘मसल कार’. मसल म्हणजे स्नायू. तेव्हा आपल्या भाषेत हिला ‘पहिलवानी मोटार’ म्हणावयास हरकत नसावी. आणि या शब्दामागोमाग दुसरा प्रश्न येतोच. आहे त्या मोटारीतले एंजिन काढून त्याच्या जागी मोठे एंजिन बसविले, तर तीही पहिलवान होणार नाही काय? हा प्रश्न पोरकट नाही. त्याच्या पोटात पदार्थविज्ञान आहे, कारखानदारीचा इतिहास आहे, कायदा आहे, आणि घरातील माणसांच्या जिवाचाही संबंध आहे. म्हणून आजच्या भाषणात त्याचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

पहिलवानी मोटारीचा जन्म अमेरिकेतला. तेथील जनरल मोटर्स या कंपनीचा एक अंतर्गत नियम असा होता की, मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घन इंचांहून मोठे एंजिन घालावयाचे नाही. घन इंच हे माप एंजिनाच्या पोटातील पोकळीचे आहे. ३३० घन इंच म्हणजे सुमारे ५.४ लिटर. १९६४ साली याच कंपनीच्या पाँटिअॅक शाखेने आपल्या टेंपेस्ट जातीच्या मध्यम मोटारीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, मोठ्या मोटारीसाठी केलेले एंजिन बसविले. नियमाला बगल देण्यासाठी ती स्वतंत्र मोटार न दाखविता, गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारा एक जादा प्रकार म्हणून दाखविली. तिचे नाव जी.टी.ओ. लहान अंगात मोठे एंजिन, हेच पहिलवानी मोटारीचे बीज.

पुढे काही विक्रेत्यांनी हे काम आपल्याच दुकानात चालू केले. पेन्सिल्वेनियातील डॉन येंको हा त्यांतील विशेष प्रसिद्ध. शेवर्ले कंपनी आपल्या कॅमेरो मोटारीत ४०० घन इंचांवरचे एंजिन घालीत नसे. येंकोने १९६७ सालापासून तिच्यातील ३९६ घन इंचांचे एंजिन उतरवून ४२७ घन इंचांचे चढविण्यास आरंभ केला, आणि १९६९ साली तर कंपनीनेच खास मागणीवरून तसल्या मोटारी कारखान्यातून बांधून दिल्या. अलीकडचे उदाहरण पाहावयाचे तर, २०१० सालच्या कॅमेरोच्या एका वरच्या प्रकारात ६.२ लिटरचे आणि ४२६ अश्वशक्तीचे एंजिन होते. त्याच पिढीतील २०१४ सालच्या ‘झेड २८’ या प्रकारात कंपनीने ७ लिटरचे, ५०५ अश्वशक्तीचे एंजिन बसविले. मात्र एवढ्यावर ती थांबली नाही. तिने ब्रेक बदलले, चाकांचे टायर रुंद केले, एंजिनाला तेल पुरविण्याची व्यवस्था निराळी केली आणि वजन घटविण्यासाठी पुष्कळ सामान काढून टाकले. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा ही मोटार अनेकांना आठवत असेल. लांब नाक, रुंद छाती आणि अमेरिकन पहिलवानासारखा डौल. ही मोटार इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या नमुन्यावरून घेतलेली असून १९८४ साली बाजारात आली. परंतु या भरदार शरीरात आरंभी जे एंजिन होते ते अँबॅसडर मोटारीच्याच घराण्यातील, १,४८९ घन सेंटिमीटरचे आणि जेमतेम ५० अश्वशक्तीचे. हजार किलोहून अधिक वजनाची ही मोटार माणसे भरून घाट चढू लागली की तिचा डौल गळून पडे. पुढे कंपनीने जपानच्या इसुझू कंपनीचे १,८१७ घन सेंटिमीटरचे एंजिन तिच्यात बसविले. त्याची शक्ती सुमारे ८८ अश्वशक्ती. येथे थोडे गणित करा. पोकळी वाढली ती एकपंचमांशाहून किंचित अधिक. शक्ती मात्र पाऊणपटीने वाढली. असे का व्हावे? कारण एंजिनाची शक्ती केवळ पोटाच्या आकारावर अवलंबून नसते. पोटात हवा किती सुलभतेने शिरते आणि धूर किती चटकन बाहेर पडतो, यावरही ती अवलंबून असते. जुन्या एंजिनात झडपा उघडण्याचे काम लांब दांड्यांच्या साहाय्याने होत असे. नव्यात झडपा हलविणारा दंड थेट माथ्यावर होता. दुसरी गोष्ट अशी की, नव्या एंजिनाबरोबर कंपनीने चार गिअरांच्या जागी पाच गिअरांची पेटीही दिली. एंजिन बदलणाऱ्याने सोबतचे सामानही बदलले.

एंजिनाचे पोट म्हणजे काय, हे समजण्यासाठी कलकत्त्यास किंवा अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. एंजिनाची विद्या आपल्या उंबऱ्यावरची आहे. धनजीशहा कूपर यांनी १९२२ साली साताऱ्यात यंत्रांचा कारखाना काढला आणि त्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल एंजिने तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताच्या हंगामी मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. इकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे नांगर झाले, पंप झाले, आणि पुढे १९४६ साली पुण्यास एंजिनांचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. त्या काळी सातारा व सांगली असे दोन जिल्हेही नव्हते. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. तात्पर्य, कृष्णाकाठच्या विहिरीवर मोट थांबून एंजिनाचा आवाज सुरू झाला, त्याला आता कैक पिढ्या होऊन गेल्या आहेत.

त्या विहिरीवरच्या एंजिनाचेच उदाहरण घेऊ. शेतकऱ्यांच्या परिचयाचे जे एका सिलिंडरचे, ५ अश्वशक्तीचे किर्लोस्कर डिझेल एंजिन, त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर असतो आणि आतील दट्ट्या ११० मिलिमीटर वरखाली सरकतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्याला या अंतराने गुणले म्हणजे पोकळी निघते सुमारे ५५३ घन सेंटिमीटर. याच घराण्यातील ७ अश्वशक्तीच्या एंजिनात दट्ट्याचा प्रवास तेवढाच, ११० मिलिमीटर. व्यास मात्र ८७.५ मिलिमीटर. पोकळी होते सुमारे ६६१ घन सेंटिमीटर. व्यासात वाढ झाली अवघी साडेसात मिलिमीटरची. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते म्हणून पोट एवढे फुगले. आणि गंमत अशी की, येंकोच्या त्या ३९६ व ४२७ घन इंचांच्या एंजिनांतही अगदी हाच प्रकार होता. दोहोंत दट्ट्याचा प्रवास ३.७६ इंच, भेद फक्त व्यासाचा. बाहेरून दोन्ही एंजिने एकाच घडणीची असल्यामुळे एक काढून दुसरे ठेवताना त्याच बैठकीवर, त्याच खिळ्यांवर बसत. हे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. निराळ्या घराण्यातील एंजिन बसवावयाचे म्हणजे बैठक कापणे, नवी जोडणे, दंडाची लांबी बदलणे, हे सारे आलेच.

आता शक्ती म्हणजे काय ते पाहू. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे, याला एक अश्वशक्ती म्हणतात. समजा, माणसांसह १,५०० किलो वजनाची मोटार एका घाटातून चढत आहे आणि चढ १५ मीटरांमागे १ मीटर असा आहे. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने ती चालली, तर दर सेकंदाला ती दोनतृतीयांश मीटर उंच जाते. १,५०० किलो दोनतृतीयांश मीटर उचलावयाचे, म्हणजे १,००० किलोमीटर नव्हे हं, १,००० किलो एक मीटर उचलण्याइतके काम. त्याला ७५ ने भागले की १३ अश्वशक्तीहून थोडे अधिक. हाच चढ ताशी ७२ किलोमीटर वेगाने चढावयाचा तर २६ अश्वशक्तीहून अधिक शक्ती केवळ वजन उचलण्यात जाते. वाऱ्याचा विरोध आणि चाकांचे घर्षण यांचा खर्च निराळा. यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, घाट चढण्यास प्रचंड शक्ती लागते हा समज चुकीचा आहे. वेगाने चढण्यास ती लागते. दुसरी, ५० अश्वशक्तीची काँटेसा घाटात धापा का टाकीत असे, तेही कळते. एंजिनाची पुरी शक्ती त्याचे फेरे भरपूर असतानाच मिळते, एरवी नव्हे.

शक्तीची सख्खी बहीण म्हणजे पीळ. पान्याची दांडी लांब धरली की नट सहज फिरतो, त्या फिरविण्याच्या जोराला आपण पीळ म्हणू. वर सांगितलेले ५ अश्वशक्तीचे एंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते, तेव्हा त्याचा पीळ भरतो सुमारे २.४ किलो-मीटर, म्हणजे एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला २.४ किलो वजन टांगल्याइतका. गिअरपेटीने फेरे एकदशांश केले तर हाच पीळ, घर्षणातील तूट सोडल्यास, दहापट होतो. शक्ती मात्र गिअरपेटी वाढवू शकत नाही. म्हणून बैलगाडीच्या वेगाने मोटार चढविणे गिअरपेटीच्या हाती आहे. वेगाने चढविणे एंजिनाच्या हाती. पुष्कळ वेळा ज्याला मोठ्या एंजिनाची भूक म्हणतात ती वस्तुतः योग्य गिअर न टाकण्याची सवय असते.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. मोठे एंजिन आणले, बैठकीवर बसविले, चालू झाले. पुढे काय होते?

ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना उत्तर चटकन कळेल. मोटेला दोन बैल जुंपलेले असतात. त्यांच्या जागी दुप्पट ताकदीचे बैल जुंपले, परंतु नाडा तोच, चाक तेच आणि चाकाचा आसही तोच ठेवला, तर पाणी दुप्पट निघत नाही. नाडा तुटतो किंवा आस मोडतो. मोटारीतही एंजिनापासून चाकापर्यंत अशी एक साखळी आहे. प्रथम क्लच. हा घर्षणाच्या जोरावर पीळ पुढे देतो. पीळ त्याच्या पकडीबाहेर गेला की तो घसरतो आणि जळतो. त्यानंतर गिअरपेटी. तिचे दाते ठरावीक पिळासाठी कापलेले असतात. त्यानंतर लांब दंड, त्याचे सांधे, मागचा आस आणि अखेर टायर. या साखळीतील सर्वांत अशक्त कडी जेवढी बळकट, तेवढेच एंजिन उपयोगाचे. बाकीची शक्ती मोडतोड करण्यातच खर्ची पडते.

दुसरी बाब उष्णतेची. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा चौथा ते तिसरा हिस्सा कामी येतो. उरलेल्यातील मोठा भाग धुरावाटे जातो आणि तेवढाच सुमारे पाण्यावाटे रेडिएटरमधून बाहेर टाकावा लागतो. स्थूलमानाने असे समजा की, एंजिन जेवढे काम करते तेवढीच उष्णता ते रेडिएटरच्या गळ्यात घालते. ५० अश्वशक्तीच्या हिशेबाने केलेल्या रेडिएटरवर ८८ अश्वशक्तीचा भार टाकला, तर सपाटीवर काही कळणार नाही. परंतु वैशाखात पसरणीचा घाट चढताना, वेग थोडा, वारा थोडा आणि एंजिन पूर्ण जोरात, अशा वेळी पाणी उकळल्याशिवाय राहत नाही.

तिसरी बाब वजनाची. मोठे एंजिन बहुधा जड असते, त्यातही डिझेलचे विशेष. ते वजन मोटारीच्या नाकावर येते. पुढच्या कमानी दबतात, वळणावर नाक बाहेरच्या बाजूस ओढ घेते आणि ब्रेक दाबताच सारा भार पुढच्या चाकांवर कोसळतो.

आणि चौथी बाब, जिच्याविषयी मोठ्या एंजिनाचा चाहता क्वचितच विचारतो, ती ब्रेकची. एंजिन वेग देते. तो परत घेण्याचे काम ब्रेककडे. चालत्या वस्तूच्या अंगातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० वरून वेग ९० झाला, म्हणजे दीडपट झाला, तर ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते आणि थांबण्यास लागणारे अंतरही सव्वादोनपट होते. उताराचा हिशेब याहून बोलका आहे. १,५०० किलोची मोटार ३०० मीटर उंचीवरून खाली उतरली, तर त्या उतरण्यात जी ऊर्जा मोकळी होते तिने सुमारे १३ लिटर थंड पाणी उकळीस येईल. ही सर्व उष्णता चार चाकांतील थोड्याशा लोखंडाने आणि अस्तराने पचवावयाची! खालच्या गिअरमध्ये उतरल्यास तीतील मोठा वाटा एंजिन स्वतः अडवून धरते. वरच्या गिअरमध्ये उतरल्यास सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेतील ओलावा शोषतो. साध्या जातीचा ताजा द्रव २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा भरपूर मुरल्यावर तो १४० अंशांच्या सुमारासही उकळू शकतो. उकळला की वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पायाखालची पट्टी मऊ होऊन खाली जाते. मोटार मात्र थांबत नाही.

येथे एक अनुभव सांगितला पाहिजे, कारण हे सारे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझा एक जुना विद्यार्थी, हुशार आणि हाताचा कुशल, साताऱ्यास मोटारदुरुस्तीचे काम करीत असे. त्याने आपल्या जुन्या पेट्रोलच्या जीपमध्ये मोठे डिझेल एंजिन बसविले. काम इतके नेटके की मला अभिमान वाटला. वर्गात असताना मीच त्यांना अश्वशक्तीचा पाठ शिकविला होता आणि “शक्ती दुप्पट करा, घाट निम्म्या वेळात चढा,” असे फळ्यावर गणित मांडून दाखविले होते. एके दिवशी तो, त्याची थोरली बहीण आणि मी असे तिघे कासच्या पठारावर गेलो. यवतेश्वरचा घाट जीप अशी चढली की चढ आहे हेच कळले नाही. परत येताना तो वरच्याच गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होता. अर्ध्या घाटात तो एकदम म्हणाला, “गुरुजी, घट्ट धरा!” ब्रेकची पट्टी तळाला गेली होती. त्याने प्रसंगावधान राखून दरीकडील बाजू टाळली आणि डोंगराच्या बाजूच्या चरीत गाडी घातली, म्हणून आज मी आपणांशी बोलत आहे. त्याच्या बहिणीचा खांदा मोडला. तो हात पुढे कधीही पूर्ण वर गेला नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तो मला वारंवार एकच विचारीत होता, “गुरुजी, एंजिन बसवताना माझं काय चुकलं?” एंजिन बसविण्यात त्याचे काही चुकले नव्हते. ब्रेक जुन्याच हलक्या जीपचे होते आणि त्यांतील द्रव किती वर्षांचा होता हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि माझे चुकले होते ते असे की, मी चढाचे गणित शिकविले, उताराचे शिकविले नाही. त्यानंतर शाळेत असेपर्यंत दर वर्षी मी दोन्ही गणिते एकाच तासाला घेत असे.

या अपघातानंतर दुसरी अडचण उभी राहिली ती विम्याची. नोंदणीच्या पुस्तकात एंजिन एक आणि गाडीत दुसरे; भरपाई नाकारण्यात आली. यात अन्याय झाला असे म्हणवत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या ५२व्या कलमाचा आशय असा की, कारखानदाराने मूळ ठरविलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. एंजिनाची पोकळी, इंधनाचा प्रकार हे त्याच तपशिलांत येतात. निराळ्या इंधनावर चालण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याची सवलत आहे. तसेच एंजिन बदलण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते, आणि झालेला बदल चौदा दिवसांत कळवून पुस्तकात नोंदवून घ्यावा लागतो. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यान्वये अशा नियमबाह्य बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

कायद्याच्या या कडकपणाविषयी तरुण मंडळी कुरकुरतात. त्यांना आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी भंगारातील सामानातून पायाने किक मारून चालू होणारी एक छोटी चारचाकी बनविली. २०२१ सालच्या डिसेंबरात तिची वार्ता देशभर झाली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्या कल्पकतेची मोकळ्या मनाने वाखाणणी केली, परंतु ही गाडी नियमांत बसत नाही हेही त्यांनी तेथेच सांगितले, आणि तिच्या मोबदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ सालच्या जानेवारीत ती देण्यातही आली. कौतुक करावयाचे ते बुद्धीचे आणि हाताचे. रस्त्यावर चालवावयाची ती तपासलेली गाडी, असा विवेक या व्यवहारात दिसतो. तपासणी म्हणजे केवळ शिक्क्यांचा खेळ नव्हे. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था वाहनांचे नमुने तपासते, तेव्हा त्यात ब्रेकचीही परीक्षा होते. माझ्या विद्यार्थ्याच्या जीपची ती परीक्षा यवतेश्वरच्या घाटाने घेतली.

आजच्या मोटारीत तर आणखी एक अडचण आहे, जी जुन्या जीपमध्ये नव्हती. आजच्या एंजिनास स्वतंत्र मेंदू असतो. किती इंधन सोडावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची, हे एक संगणक ठरवितो आणि तो गिअरपेटी, ब्रेक, हवेच्या पिशव्या, किल्लीचे कुलूप या सर्वांशी एकाच तारेवरून बोलत असतो. एंजिन निराळे आणले तर त्याचा मेंदूही आणावा लागतो. आणि हा नवा मेंदू जुन्या घरातील भाषा बोलत नसेल, तर ब्रेकचे चाक घसरू न देणारी व्यवस्थाच मुकी होण्याचा संभव असतो. त्यात १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे धुरासंबंधी भारत-सहा हे कडक मानक लागू झाले. धूर शुद्ध करणारी यंत्रणा एंजिनाच्या मापानेच केलेली असते. तिला दुसऱ्याचे माप चालत नाही.

मग मोठ्या एंजिनाची इच्छा मनातच मारावी काय? तसे मी म्हणत नाही. ज्याला अधिक शक्ती हवी त्याने, शक्य असल्यास, कारखान्यातूनच मोठे एंजिन घातलेली मोटार घ्यावी; कारण तेथे क्लचपासून टायरपर्यंत साऱ्या साखळीचा विचार झालेला असतो. ज्याची जुनी मोटार धापा टाकते त्याने प्रथम आहे तेच एंजिन नीट करून घ्यावे. झडपा, दट्ट्याच्या कड्या, इंधनाची पिचकारी यांची दुरुस्ती केल्यावर हरवलेली शक्ती पुष्कळदा परत येते. ज्याला इंधनाचाच प्रकार बदलावयाचा आहे, गॅस अथवा वीज वापरावयाची आहे, त्याने मान्यता असलेला संच मान्यता असलेल्या ठिकाणीच बसवावा आणि पुस्तकात नोंद करवून घ्यावी. आणि ज्याला हे शास्त्र म्हणून हाताळावयाचे आहे, त्याने ते शिक्षणाच्या अथवा शर्यतीच्या बंदिस्त जागेत, जाणत्याच्या देखरेखीखाली, खुशाल हाताळावे. तेथे एंजिन मोडले तर विद्या वाढते. घाटात मोडले तर माणूस जातो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तालमींना तोटा नाही. वस्तादाकडे नवा पोरगा आला की तो त्याची छाती पाहतो, पण त्याआधी पाय पाहतो. छाती भरली आणि पाय काटकुळे राहिले, तर त्याला तो आखाड्यात उतरवीत नाही. घरातील मुलगा मोठ्या एंजिनाची गोष्ट काढील तेव्हा त्याच्यावर रागावू नका. त्याला तीन प्रश्न विचारा. ब्रेक कोणते घालणार? रेडिएटर कोणता घालणार? आणि नोंदणीपुस्तकात काय लिहून आणणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ असतील तर तो विचारी आहे, त्याचे पुढचे म्हणणे जरूर ऐका. नसतील तर त्याला घेऊन बसा आणि उताराचे गणित कागदावर मांडून दाखवा. वेळ फार लागत नाही. गुणाकार आणि भागाकार एवढेच त्यात आहे.